संत गोन्सालो गार्सिया : वसईच्या मुलाचा परदेशातला नाताळ

डिसेंबर लागला की आपल्या वसईचे रूप पालटते. दारोदारी तारे चढतात, मुले गोठ्यासाठी गवत-माती गोळा करतात, घरात नेवऱ्या आणि कलकल करायला चार बाया एकत्र बसतात. आणि याच दिवसांत आपल्या बॅचच्या ग्रुपवर दुबई, दोहा, टोरांटो, मेलबर्न असे ठिकठिकाणचे फोटो येऊ लागतात. कुणी बोटीवर असतो, कुणी हॉस्पिटलच्या रात्रपाळीत, कुणी भाड्याच्या खोलीत दोन मित्रांसोबत केक कापत असतो. सण साजरा होतो, पण फोटोखाली लिहिलेल्या दोन ओळींत घरची ओढ लपत नाही.

स्नेहमेळाव्याच्या या स्मरणिकेत अशा सगळ्या दूरच्या मित्र-मैत्रिणींची आठवण ठेवून एका जुन्या वसईकराची जीवनकथा सांगावीशी वाटते. त्यांचे नाव आपल्याला नवे नाही. गासचे चर्च त्यांच्या नावाचे, वसईतले कॉलेज त्यांच्या नावाचे. संत गोन्सालो गार्सिया. जपानमध्ये क्रूसावर प्राण देणारे रक्तसाक्षी म्हणून आपण त्यांना ओळखतो. पण मरणापूर्वीची जवळजवळ पंचवीस वर्षे हा माणूस परमुलखात जगला, तिथली भाषा बोलला, आणि आयुष्यातला शेवटचा नाताळ त्याने घरापासून दूर आलेल्या तरुण मिशनऱ्यांसोबत, पहारेकऱ्यांच्या वेढ्यात घालवला. ही बाजू आपल्याकडे फारशी सांगितली जात नाही. ती सांगण्यासाठीच हा लेख.

किल्ल्यातली शाळा

२३ डिसेंबर १५३४ रोजी गुजरातचा सुलतान बहादूरशहा याने तहात वसई पोर्तुगीजांच्या हवाली केली. त्यानंतर काही वर्षांतच इथे दगडी तटबंदीचे शहर उभे राहिले. चर्च, मठ, कचेऱ्या, सावकारांची घरे, बंदरात गलबतांची गर्दी. या शहरात १५५६-५७ च्या सुमारास गोन्सालोचा जन्म झाला. वडील पोर्तुगीज, आई इथल्या मातीतली, कोकणातली.

दोन रक्तांचे मूल म्हणजे त्या काळी दोन जगांच्या उंबरठ्यावरचे मूल. किल्ल्यात पोर्तुगीज बोलायची, बाहेर वाडीत आणि बाजारात इथली बोली. एका भाषेतून दुसऱ्या भाषेत उडी मारण्याची सवय अशा मुलांना लहानपणीच लागते. पुढे हीच सवय गोन्सालोच्या आयुष्याचा मोठा आधार ठरली.

संत फ्रान्सिस झेवियर वसईत येऊन गेले होते आणि त्यांच्या येशूसंघाने किल्ल्यात शाळा चालवली होती. त्या शाळेत गोन्सालो शिकला. फादर सेबास्तियन गोन्साल्विस या येशूसंघीय गुरुजींचे त्याच्याकडे विशेष लक्ष होते. सुमारे आठ वर्षे तो त्यांच्या छायेत वाढला. शाळेच्या स्मरणिकेत हे मुद्दाम नोंदवायला हवे, कारण वसईच्या या पहिल्या जगप्रसिद्ध माणसाच्या आयुष्याला वळण मिळाले ते एका शिक्षकामुळे. त्या येशूसंघीय चर्चचा भव्य दर्शनी भाग आजही किल्ल्यात उभा आहे. शाळेच्या सहलीत त्याच्यासमोर रांगेत बसून आपल्यापैकी बहुतेकांनी डबे खाल्ले आहेत.

पंधराव्या वर्षी जपानकडे

१५७२ साली, पंधरा वर्षांचा असताना, गोन्सालो येशूसंघाच्या फादरांबरोबर जपानला निघाला. आज मुंबईहून विमानात बसलेला माणूस दुसऱ्या दिवशी जपानमध्ये असतो. तेव्हाचा रस्ता गोवा, मलाक्का, मकाव असा टप्प्याटप्प्याने जायचा. वाऱ्याची दिशा बदलेपर्यंत जहाजांना बंदरात महिनोन्‌महिने थांबावे लागे. घरी पत्र पाठवले तर उत्तर यायला वर्षे लागत. दहावीच्या वयाचा मुलगा अशा प्रवासाला निघतो, तेव्हा निरोप देणाऱ्या आईला तो परत दिसेलच याची खात्री नसते.

जपानमध्ये झेवियर १५४९ मध्ये कागोशिमाला उतरले होते. म्हणजे गोन्सालो पोचला तेव्हा तिथली ख्रिस्तसभा जेमतेम पंचवीस वर्षांची होती. युरोपातून आलेल्या फादरांची सर्वांत मोठी अडचण भाषेची होती. जपानी शिकता शिकता कित्येकांचे केस पिकले. वसईच्या या मुलाने मात्र ती लवकर आत्मसात केली. स्वभाव मनमिळाऊ, जीभ तरबेज. सुमारे आठ वर्षे त्याने धर्मशिक्षक म्हणून काम केले. लोकांच्या घरी जायचे, मुलांना प्रार्थना शिकवायच्या, फादरांचे प्रवचन लोकांना समजेल अशा जपानीत सांगायचे.

जपानी ख्रिस्ती लोक नाताळला काय म्हणत, हे ऐकून वसईकराला गंमत वाटेल. ते त्याला नातारा म्हणत. पोर्तुगीज भाषेतला नाताल हा शब्द ज्या जहाजांतून आपल्याकडे आला आणि नाताळ झाला, त्याच जहाजांतून तो पुढे जपानला गेला आणि नातारा झाला. गोन्सालोच्या कानांवर लहानपणी पडलेला शब्द त्याला हजारो मैलांवर थोड्या वेगळ्या उच्चारात परत भेटला असणार.

जपानमध्ये तेव्हा सरदारांच्या आपसांतल्या लढाया चालू होत्या. त्यातही नाताळची एक हकिगत तिथे आवर्जून सांगितली जात असे. १५६० च्या दशकात साकाई शहराजवळ दोन फौजा एकमेकींसमोर तळ देऊन होत्या. दोन्हीकडे ख्रिस्ती शिपाई होते. नाताळला फादर लुईस फ्रोईस यांनी शहरातले एक मोठे दालन मिळवले आणि दोन्ही बाजूंचे शिपाई तिथे एकत्र जमले, प्रार्थनेला बसले, एकत्र जेवले. नाताळच्या दिवशी अनोळखी माणूसही घरचा होतो, ही शिकवण गोन्सालोला अशा मुलखात मिळाली.

बंद राहिलेले दार

इतकी वर्षे सेवा केल्यावर गोन्सालोची एकच इच्छा होती. ज्या येशूसंघाने आपल्याला वाढवले, त्याच संघात दाखल व्हायचे. ती पूर्ण झाली नाही. त्या काळात युरोपीय धर्मसंघ हिंदुस्थानात जन्मलेल्यांना आणि मिश्र रक्ताच्या तरुणांना क्वचितच सामावून घेत. काम मोठे दिले जाई, विश्वासही टाकला जाई, पण दार उघडत नसे.

अशा वेळी माणूस एक तर कडवट होतो किंवा परत घरी येतो. गोन्सालोने तिसरी वाट धरली. तो व्यापारात उतरला. चिनी, जपानी, पोर्तुगीज आणि स्पॅनिश व्यापारी एकमेकांशी ज्या बंदरांत सौदे करत, तिथे चार भाषा जाणणाऱ्या माणसाला भाव होता. धंद्यात त्याचा जम बसला, ठिकठिकाणी पेढ्या झाल्या. वसईला श्रीमंत होऊन परतायचे असते तर ते शक्य होते.

व्यापारानिमित्त त्याचे फिलिपिन्समधील मनिलाला जाणे-येणे होऊ लागले. तिथे त्याची फ्रान्सिस्कन बंधूंशी गाठ पडली. अनवाणी चालणारी, जाड्याभरड्या झग्यातली, रोग्यांची सेवा करणारी ही माणसे. आसिसीच्या संत फ्रान्सिसने १२२३ साली इटलीतील ग्रेच्यो गावात नाताळचा गोठा मांडला, आणि आज वसईच्या अंगणाअंगणात जो गोठा होतो त्याची परंपरा तिथून सुरू होते. गोन्सालो हळूहळू या मंडळींकडे ओढला गेला. अखेर चांगला चाललेला धंदा सोडून तो मनिलात त्यांच्या संघात ब्रदर म्हणून दाखल झाला. धर्मगुरू म्हणून नव्हे, ब्रदर म्हणून. मिस्साबलिदान अर्पण करण्याचा अधिकार ब्रदरला नसतो. त्याच्या वाट्याला येते ते स्वयंपाकघर, दार, दवाखाना, हिशेब आणि लोकांशी बोलणे. ब्रदर गोन्सालो यांनी ते आनंदाने स्वीकारले.

हिदेयोशीसमोरचा दुभाषा

जपानचा सर्वसत्ताधीश तेव्हा तोयोतोमी हिदेयोशी होता. त्याने १५८७ मध्येच मिशनऱ्यांना देश सोडण्याचा हुकूम काढला होता, पण तो पुरता अमलात आलेला नव्हता. पुढे हिदेयोशीने फिलिपिन्सच्या स्पॅनिश गव्हर्नरकडे शरणागतीची मागणी केली. उत्तर द्यायला कुणीतरी जबाबदार माणूस पाठवणे भाग होते. फ्रान्सिस्कन फादर पेद्रो बाप्तिस्ता यांना वकील म्हणून नेमण्यात आले. त्यांना जपानी येत नव्हते. त्यामुळे मे १५९३ मध्ये मनिलाहून निघालेल्या त्या छोट्या तुकडीत ब्रदर गोन्सालो दुभाषा म्हणून होते.

हिदेयोशी तेव्हा क्यूशू बेटावरील नागोया किल्ल्यातून कोरियाच्या युद्धाची सूत्रे हलवत होता. त्याच्या लहरीची सगळ्यांना धास्ती. त्याच्यासमोर एका शब्दाचा अर्थ इकडचा तिकडे झाला तर डोके उडायला वेळ लागला नसता. दोन राज्यांमधले ते नाजूक बोलणे वसईच्या माणसाच्या तोंडून झाले. बोलणी निभावली. फ्रान्सिस्कनांना जपानमध्ये राहण्याची मुभा मिळाली आणि राजधानी क्योतोत जागाही मिळाली.

तिथे त्यांनी चर्च आणि घर बांधले, आणि त्याला लागूनच कुष्ठरोग्यांसाठी दवाखाने सुरू केले. एकाला संत ॲनाचे नाव दिले, दुसऱ्याला संत योसेफचे. ज्या रोग्यांना गावाने वाळीत टाकले होते त्यांना धुणे, पुसणे, भरवणे हे रोजचे काम. लिओ कारासुमारूसारखे जपानी ख्रिस्ती त्यात मदतीला होते. मिगेल कोझाकी आपल्या चौदा वर्षांच्या तोमासलाही घेऊन तिथे आला. या सगळ्यांशी त्यांच्या भाषेत बोलणारा, त्यांची गाऱ्हाणी फादरांना समजावून सांगणारा माणूस ब्रदर गोन्सालो होते.

सगळेच गोड होते असे नाही. १५८५ मध्ये पोप महोदयांनी जपानचे मिशनकार्य एकट्या येशूसंघाकडे सोपवले होते. फ्रान्सिस्कन वकील म्हणून आले आणि राहिले, यावरून दोन संघांत कुरबूर झाली. उघडपणे प्रचार करावा की सबुरीने घ्यावे, यावरही मतभेद होते. ब्रदर गोन्सालो एका संघाच्या शाळेत वाढलेले आणि दुसऱ्या संघाचा झगा घातलेले. या भांडणात त्यांच्याइतकी अवघड जागा दुसऱ्या कुणाची नसेल.

घरापासून दूर आलेले तिघे

१५९६ मध्ये दोन नवे फादर मनिलाहून जपानला आले. फादर मार्टिन हे स्पेनच्या बास्क मुलखातले, वय तिशीच्या आसपास. फादर फ्रान्सिस्को ब्लांको हे गालिसियातले, त्याहूनही तरुण. दोघांनाही भाषा नवी, जेवण नवे, थंडी नवी. फादर मार्टिन ओसाकाच्या घरी राहिले. फ्रान्सिस्कनांनी त्या घराला बेथलेहेम असे नाव दिले होते.

तिसरा तरुण तर ठरवून आलाच नव्हता. ब्रदर फिलिप हे मेक्सिकोचे, वय २४. तरुणपणी एकदा मठ सोडून गेलेले, मनिलात व्यापार केलेले आणि तिथेच पुन्हा संघात परतलेले. त्यांच्या गुरुदीक्षेची वेळ आली तेव्हा मनिलात बिशप नव्हते, म्हणून ते सान फेलिपे या जहाजाने मेक्सिकोला, आपल्या जन्मगावी, आपल्या आईवडिलांकडे निघाले होते. वादळांनी जहाज मोडकळीला आले आणि १९ ऑक्टोबर १५९६ रोजी ते जपानच्या शिकोकू बेटावर, तोसा प्रांताच्या किनाऱ्याला लागले. घरी निघालेला मुलगा असा क्योतोच्या फ्रान्सिस्कन घरात येऊन पोचला. व्यापार सोडून झगा घातलेल्या ब्रदर गोन्सालोंना या पोराची वाट ओळखीची वाटली असेल.

सान फेलिपेवर मोठा किमती माल होता. हिदेयोशीच्या अधिकाऱ्यांनी तो जप्त केला. जहाजावरच्या एका वाटाड्याने स्पेनच्या राज्याचा विस्तार सांगताना, आधी मिशनरी जातात आणि मागून सैन्य येते अशा अर्थाची फुशारकी मारली, असे सांगितले जाते. खरे कारण मालाचे होते की संशयाचे, यावर इतिहासकार आजही वाद घालतात. परिणाम एकच झाला. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात क्योतो आणि ओसाकाच्या फ्रान्सिस्कन घरांना पहारे बसले.

१५९६ चा नाताळ

त्या वर्षी नाताळ बुधवारी आला. दोन आठवड्यांहून अधिक दिवस दाराशी शस्त्रधारी पहारेकरी होते. आत फादर पेद्रो बाप्तिस्ता, वयस्कर ब्रदर फ्रान्सिस्को, तरुण फादर ब्लांको, ब्रदर फिलिप आणि ब्रदर गोन्सालो. त्यांच्यासोबत काही जपानी ख्रिस्ती आणि पोरसवदा मुले. तिकडे ओसाकातल्या बेथलेहेम नावाच्या घरात फादर मार्टिन असेच कोंडलेले.

या मंडळींत सर्वांत जास्त नाताळ परमुलखात काढलेला माणूस म्हणजे ब्रदर गोन्सालो. त्यांचा हा साधारण पंचविसावा. वय चाळीस. ब्रदर फिलिप यांच्या मनात मेक्सिको असणार, ब्लांकोंच्या मनात गालिसिया. त्या घरात आशिया खंडात जन्मलेले, इथल्या चालीरीती अंगात मुरलेले आणि तरीही पाहुण्यांपैकी एक असलेले असे तेच होते. बाहेरच्या पहारेकऱ्यांचे बोलणे त्यांना कळत होते. हुकूम काय आला, अफवा काय आहे, उद्या काय होणार, हे नव्यांना समजावून सांगण्याचे काम त्यांच्याकडे येणे साहजिक होते. दुभाषा नेहमी सगळ्यात आधी ऐकतो. वाईट बातमीही त्यालाच आधी कळते, आणि ती दुसऱ्याला कशी सांगायची हे त्यालाच ठरवावे लागते.

त्या नाताळला नेवऱ्या नव्हत्या, नवे कपडे नव्हते. पण ग्रेच्योच्या गोठ्याचा वारसा सांगणाऱ्या संघाला त्याचे वाईट वाटायचे कारण नव्हते. बेथलेहेमच्या त्या जोडप्यालाही परगावीच, जागा न मिळाल्यामुळे गोठ्यात रात्र काढावी लागली होती. आपण दरवर्षी गोठा सजवतो, दिव्यांच्या माळा लावतो आणि ही गोष्ट विसरतो. क्योतोच्या त्या घरात ती विसरणे शक्य नव्हते.

सहा आठवडे

नाताळनंतर सगळे झपाट्याने घडले. वर्षाच्या अखेरीस त्यांना तुरुंगात हलवले. ३ जानेवारी १५९७ रोजी क्योतोत प्रत्येकाच्या डाव्या कानाची पाळी कापण्यात आली. मूळ हुकूम नाक आणि दोन्ही कान कापण्याचा होता, अधिकारी इशिदा मित्सुनारी याने तो सौम्य केला. मग बैलगाड्यांवर बसवून क्योतो, ओसाका आणि साकाईच्या रस्त्यांतून धिंड काढली. साकाई हेच ते शहर, जिथे एकेकाळी दोन वैरी फौजांनी एकत्र नाताळ केला होता.

९ जानेवारीच्या सुमारास नागासाकीचा प्रवास सुरू झाला. अंतर सुमारे ८०० किलोमीटर, म्हणजे मुंबईहून पायी नागपूर गाठण्याइतके, आणि तेही ऐन हिवाळ्यात. निघाले तेव्हा २४ जण होते. वाटेत त्यांची सेवा करणाऱ्या दोन ख्रिस्ती माणसांनाही पहारेकऱ्यांनी त्यांत सामील करून घेतले आणि संख्या २६ झाली. सहा फ्रान्सिस्कन, येशूसंघाचे तिघे जपानी, सतरा जपानी प्रापंचिक. त्यांत लुईस इबाराकी अवघा १२ वर्षांचा, अंतोनियो १३ वर्षांचा आणि तोमास कोझाकी १४ वर्षांचा. तोमासने वाटेत आईला पत्र लिहिले. ते पोचले नाही. पुढे बापाच्या मृत शरीरावर, कपड्यांत, ते सापडले.

येशूसंघाच्या तिघांपैकी योहान गोतो आणि याकोब किसाई यांचा संघात रीतसर प्रवेश झालेला नव्हता. नागासाकीच्या अलीकडे, मरणाच्या काही तास आधी, त्यांना व्रते घेऊ देण्यात आली. जे मागूनही ब्रदर गोन्सालोंना मिळाले नव्हते, ते त्यांच्या डोळ्यांदेखत या दोघांना मिळाले. पण रस्त्यावरच्या त्या महिन्याभरात कोण कुठल्या संघाचा हा प्रश्न कधीच मागे पडला होता.

५ फेब्रुवारी १५९७, बुधवार. नाताळनंतर बरोबर सहा आठवडे. नागासाकीच्या निशिझाका टेकडीवर २६ क्रूस बंदराकडे तोंड करून तयार होते. ब्रदर गोन्सालो सर्वांत आधी तिथे पोचले आणि थेट एका क्रूसाकडे गेले, हा माझा का, असे त्यांनी विचारले, असे सांगतात. तो त्यांचा नव्हता. त्यांना दुसऱ्या क्रूसाकडे नेले, तेव्हा त्यांनी गुडघे टेकून त्याला मिठी मारली. क्रूसांची ओळ पाहिली तर एक गोष्ट लक्षात येते. गोन्सालोंच्या एका बाजूला ब्रदर फिलिप होते आणि दुसऱ्या बाजूला फादर ब्लांको. नाताळच्या पहाऱ्यात त्यांच्याबरोबर असलेले दोघे तरुण शेवटपर्यंत त्यांच्या दोन्ही अंगांना राहिले. सर्वांत आधी प्राण गेला तो फिलिप यांचा. मग भाल्यांनी एकेकाचा शेवट केला.

हिदेयोशी पुढच्याच वर्षी, १५९८ मध्ये वारला.

आठवणीचा प्रवास

१६२७ मध्ये पोप अर्बन आठवे यांनी या रक्तसाक्षींना धन्य घोषित केले आणि ८ जून १८६२ रोजी पोप पायस नववे यांनी संतपद बहाल केले. गोन्सालो गार्सिया हे भारतात जन्मलेले पहिले संत. पण तोवर त्यांचे नाव आणखी एका अनपेक्षित ठिकाणी पोचले होते. ब्राझीलच्या रेसिफे शहरात १८ व्या शतकात मिश्र रक्ताच्या लोकांनी त्यांना आपला संत मानले. १७४५ मध्ये तिथे त्यांच्या नावाने मोठा उत्सव झाला. गोऱ्यांच्या संघांत आणि मंडळांत ज्यांना जागा नव्हती, त्यांना वसईचा हा दोन रक्तांचा ब्रदर आपला वाटला. ज्या जन्मामुळे गोन्सालोंसाठी एक दार बंद राहिले, त्याच जन्माने जगाच्या दुसऱ्या टोकाला हजारोंची मान उंच झाली.

जपानमध्ये पुढे अडीचशे वर्षे ख्रिस्ती धर्मावर बंदी होती. फादर नाहीत, चर्च नाहीत, तरी नागासाकीच्या आसपासच्या खेड्यांत लोकांनी नातारा लपूनछपून जपला. १८६५ मध्ये नागासाकीत या २६ जणांच्या नावाने बांधलेल्या ओउरा चर्चमध्ये हे लपलेले ख्रिस्ती पुढे आले आणि जग थक्क झाले. निशिझाका टेकडीवर १९६२ मध्ये स्मारक उभे राहिले. शिल्पकार यासुताके फुनाकोशी यांनी २६ जणांच्या कांस्य आकृती एका ओळीत उभ्या केल्या. त्या ओळीत एक वसईकर आहे. आपल्यापैकी कुणी कामानिमित्त जपानला गेलात तर नागासाकीची वाट जरूर धरा.

इकडे वसईत १७३९ साली चिमाजी अप्पांच्या फौजेने किल्ला घेतला, पोर्तुगीज गेले, किल्ल्यातली चर्चे ओस पडून ढासळली. तरी गोन्सालोंची आठवण गावांनी धरून ठेवली. १९९८ मध्ये वसई धर्मप्रांत स्वतंत्र झाला.

आपल्यासाठी

संतांच्या चरित्रात आपण बहुधा शेवटचा दिवस पाहतो. गोन्सालोंच्या बाबतीत आधीची वर्षेही तितकीच मोलाची वाटतात. त्यांनी राज्य जिंकले नाही, ग्रंथ लिहिला नाही, प्रवचनपीठावर उभे राहण्याचा अधिकारही त्यांना नव्हता. त्यांनी परक्यांची भाषा शिकली आणि नव्याने आलेल्यांना ती समजावून सांगितली. जिथे गेले तिथे आधी स्वतः रुजले आणि मग दुसऱ्याला रुजायला जागा करून दिली. परदेशी राहणाऱ्या आपल्या मित्रमैत्रिणींना हे काम ठाऊक आहे. आखातात किंवा कॅनडात नवा वसईकर उतरला की त्याला विमानतळावरून आणणारा, पहिला पगार होईपर्यंत खोलीत ठेवणारा, डिसेंबरात आपल्या ताटावर बसवणारा कुणीतरी आधी गेलेला वसईकरच असतो. ही परंपरा आपल्या वाडवडिलांनी फार जुन्या काळापासून चालवली आहे, आणि तिच्या मुळाशी किल्ल्यातल्या शाळेत शिकलेला एक विद्यार्थी आहे.

आणि जे आपण इथेच राहिलो, त्यांच्यासाठी ही गोष्ट उलट बाजूने खरी आहे. आजच्या वसई-विरारमध्ये देशाच्या कानाकोपऱ्यातून आलेली मुले-मुली राहतात. दवाखान्यातल्या केरळच्या नर्सबाई, कारखान्यातली झारखंड-ओडिशाची पोरे, धर्मगुरू व्हायला निघालेले परप्रांतीय सेमिनरियन, सोसायटीच्या दारावरचा नेपाळी रखवालदार. नाताळच्या रात्री त्यांचेही घर दूर असते. यंदा नेवऱ्यांचा डबा भरताना एक ताट त्यांच्यासाठी वेगळे काढले, त्यांच्या भाषेत दोन शब्द बोलता आले तर बोललो, तर संत गोन्सालोंचा सण वसईत खऱ्या अर्थाने साजरा होईल.

स्नेहमेळाव्याला आलेल्या आणि येऊ न शकलेल्या सर्व मित्र-मैत्रिणींना आणि आपल्या गुरुजनांना नाताळच्या व नववर्षाच्या हार्दिक शुभेच्छा.